केसरच्या शेतातली पावलं

चैत्रातल्या अमावस्येला दुपारी खाडी पुरी भरते. हद्द ठरवायची तर तीच वेळ, हे अनंता मास्तरांनी उरणकडच्या त्या गावात दोन पिढ्यांना शिकवलं होतं. खारं पाणी पोचतं तिथवरच मोरस, ती खारट पालेभाजी, उगवते. शंका आली तर मातीचा खडा जिभेवर ठेवावा; खारट लागला तर खाडीचा, गोडा लागला तर शेताचा. माती खोटं बोलत नाही.

सत्तावन्न साली त्याच दिवशी मोजणीदार आला, तो केसरच्या दीड एकरासाठी. केसर विधवा, कूळ म्हणून भात पिकवणारी. कागदावर भातशेती लागली तर जमीन तिची होणार. खाजण, म्हणजे खाडीची खारी जमीन, लागलं तर मिठागरवाल्या शेठची. मास्तर पंच होते. काठी टेकून ते बांधावरच बसले. केसरनेच शेतातला खडा आणून दिला. त्यांनी चाखला. गोडा होता.

"सांगा की, मास्तर," ती म्हणाली. "का जीभ पन शेठनं नेली?"

मास्तरांनी उरलेला खडा बांधाखाली टाकून दिला. शाळा गळत होती. शेठने कौलं कबूल केली होती.

"जुनी रीत करू," शेठचा कारकून म्हणाला. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन चालायचं. तो चालेल ती हद्द.

म्हातारा म्हणजे बुधाजी, केसरचा चुलत सासरा. त्याचा मुलगा नुकताच मिठागरावर मुकादम झाला होता.

"मामंजी, हा बांध तुमीच घातलाव ना? पानी कधी आत आलंय?"

बुधाजीने ढेकूळ डोक्यावर घेतलं, बांध उतरला आणि तिच्या शेतात शिरला. सगळं शेत खाडीच्या बाजूला सोडून तो पार पलीकडच्या कडेने चालू लागला. मागोमाग मोजणीदाराच्या खुंट्या.

कडक वाळलेल्या जमिनीत पावलं उमटायला नको होती. घोटाभर उमटली.

ढेकळातून पाणी झिरपून बुधाजीच्या मानेवर ओघळू लागलं.

"घाम आहे," मोजणीदार म्हणाला.

शेत संपलं तेव्हा बुधाजीची उघडी पाठ मिठाने पांढरी झाली होती. "उतरवा रे," तो पुटपुटला. "जड झालंय." दोघांना हात लावावा लागला.

पंचनामा समोर आला. केसर मास्तरांकडे बघत राहिली. "करा सही," ती म्हणाली. "आनि पोरांना पन हेच शिकवा."

मास्तरांनी सही केली.

वैशाखात शाळेवर कौलं चढली. बुधाजी कुठल्याही विहिरीचं पाणी तोंडात घेई आणि थुंकून टाकी. पंधरा दिवसांत गेला.

पुढच्या अमावस्येला मास्तर बांधावर गेले. बांध शाबूत. शेत कोरडं ठणठणीत. फक्त बुधाजीची पावलं पाण्याने काठोकाठ भरलेली.

आणि एक नवी रांग. वहाणांची. प्रत्येक पावलाशेजारी काठीचं गोल भोक.

मोजणीच्या दिवशी मास्तर बांधावरून उतरलेच नव्हते, आणि नंतर इकडे फिरकलेही नव्हते.

ही रांग शेतातून निघून गावाकडे वळली होती. ते तिच्या कडेकडेने चालत राहिले. देवळाजवळून, पाणवठ्याजवळून. ती शाळेच्या उंबऱ्याशी थांबली.

तिथे मुलं गोळा झाली होती. उंबऱ्यालगत बारीक, मांसल, हिरवी पानं फुटली होती.

"गुरुजी, मोरस!" दुसरीतली जनी आनंदाने ओरडली. मग मास्तरांनी शिकवलं होतं तसंच तिने मातीचा खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.