मंडळाची नजर

प्रयोगशाळेच्या मोठ्या पडद्यावर सांबरकडा उभा होता आणि त्यावर कुठेही माणूस नव्हता.

"अजून मोठा कर," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

डॉ. तस्नीम मुजावरने चित्र वाढवलं. खडकातल्या भेगा दिसल्या, भेगांतलं गवत दिसलं, गवताच्या पात्यांवरचं ऊनसुद्धा दिसलं. बाईंनी मान हलवली आणि पुढचा फोटो लावायला सांगितला. सकाळपासून हेच चाललं होतं.

उज्ज्वला चिटणीस यांचे यजमान मिलिंदराव रविवारी सांबरकड्याकडे गेले ते परतलेच नव्हते, आणि आज बुधवार होता. कऱ्हाडच्या 'कडेकपारी छायाचित्र मंडळा'ची सहल होती. कड्यासमोरच्या पठारावर सगळ्यांनी आपापले कॅमेरे लावले. मिलिंदराव म्हणाले, "मी जरा पलीकडून काही वेगळं मिळतंय का बघतो," आणि कड्याच्या माथ्यावर जाणाऱ्या वाटेने एकटेच निघाले. त्यांची पिशवी, आत फोन तसाच, दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडली. गिर्यारोहकांचं पथक घेऊन आलेल्या सुहास शेलारने वाट पालथी घातली, ओढा पालथा घातला. मंडळाचा ड्रोन सोमवारी आणि मंगळवारी कड्याच्या अंगाअंगावरून फिरला. काही दिसलं नाही. तेव्हा आज सकाळपासून पथक खालच्या धरणाच्या पाण्यात उतरलं होतं. पाण्यात शोधतात म्हणजे काय शोधतात, हे उज्ज्वलाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाई मात्र पाण्याकडे गेल्या नाहीत. मंडळातल्या प्रत्येकाकडून त्यांनी रविवारचे फोटो मागवून घेतले, ड्रोनची चित्रं घेतली आणि थेट अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा गाठली. मंडळाचे कॅमेरे ज्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, चालत होते तो तस्नीमने घडवला होता आणि तस्नीम शाळेत बाईंच्या चित्रकलेच्या वर्गात होती. एवढ्या फोटोंत कुठेतरी एक निळा ठिपका असणारच, अशी बाईंची खात्री होती. मिलिंदराव निळा शर्ट घालून गेले होते.

बाईंची नजर हा मंडळात कौतुकाचा आणि धास्तीचा विषय होता. दर रविवारी संध्याकाळी सभासद आपापले फोटो मांडत आणि एकमेकांना सूचना करत. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक दुरुस्ती सुचवायची, असा रिवाज. चांगल्या गोष्टी कुणीही सांगत, दुरुस्ती मात्र बाईंचीच चाले. आभाळ जास्त झालंय. ही तार डोळ्यात खुपते. हे दगड मुद्दाम मांडल्यासारखे दिसतात, सहज हवेत. आणि सगळ्यात लाडकी दुरुस्ती: माणूस नको. "डोंगराचा फोटो काढलाय ना? मग डोंगराला बोलू द्या. हा मध्येच कोण उपटला?" असं त्या म्हणत आणि सगळे हसत. सर्वांत जास्त माणसं उपटत ती मिलिंदरावांच्या फोटोंत. कधी गुराखी, कधी मोळीवाली, कधी त्यांची स्वतःचीच सावली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर हातात कॅमेरा धरलेला माणूस. नवरा म्हणून बाईंनी त्यांना कधी सूट दिली नाही. ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वेळी."

तस्नीमने पुढचा फोटो लावला नाही. तिचा हात कळफलकावर तसाच राहिला होता.

"बाई, या सगळ्या कॅमेऱ्यांत मंडळाचीच नजर भरलेली आहे?"

"म्हणजे काय, तूच तर भरून दिलीस. ड्रोनमध्येसुद्धा तीच आहे. केवढी मिरवलीय आम्ही ती."

"ड्रोनमध्येही?" तस्नीमने खुर्ची ओढली आणि बसली. "मला हे परवाच सुचायला हवं होतं."

"काय ते? कोड्यात बोलू नकोस, माझ्यात आता तेवढी ताकद नाही. कॅमेऱ्याने काही दुरुस्त्या केल्या असतील तर त्या काढ आणि मला मूळ फोटो दाखव."

"मूळ फोटो नाहीतच, बाई."

बाई पडद्यापासून तिच्याकडे वळल्या.

"जुना कॅमेरा समोरून येणारा सगळा प्रकाश टिपायचा," तस्नीम सांगू लागली. "मग संगणक त्यात सुधारणा करायचा आणि मूळ मागे उरायचं. हा आमचा विरळ संवेदक तसं करत नाही. प्रकाशाच्या शंभर कणांतला एखादाच तो टिपतो. तेवढ्यावरून समोर काय आहे ते ओळखतो आणि उरलेलं चित्र स्वतःच भरतो. म्हणून तर तो इतका स्वस्त पडतो, अंधारातही स्वच्छ दिसतं, एकदा चार्ज केला की आठवडाभर चालतो."

"भरतो म्हणजे मनाने?"

"शिकवणीप्रमाणे. चांगलं चित्र कसं असतं याची जी शिकवण त्याला दिलेली असते, तिला आम्ही नजर म्हणतो. तुमच्या मंडळाला स्वतःची नजर हवी होती. मी तुमच्या रविवारच्या सगळ्या सूचना, अगदी पहिल्या वर्षापासूनच्या, त्याला शिकवल्या. कोणती दुरुस्ती सगळ्यांनी मानली, कोणती नाही, तेही. जवळजवळ सगळ्या तुमच्याच होत्या."

"आणि समोर माणूस असला तर?"

"टिपलेले दोन-चार कण माणसाचे वाटले, की तो ठरवतो, हे इथे नको. तिथे खडक भरतो. तो माणूस पुसत नाही, बाई. पुसायला आधी काढावा लागतो. हा काढतच नाही."

सोमवारचं दृश्य उज्ज्वलाबाईंच्या डोळ्यांपुढे आलं: पठारावर मंडळातले सगळे ड्रोनच्या पडद्याभोवती डोकी घालून उभे आणि त्या स्वतः सगळ्यांच्या पुढे. समोर अख्खा कडा उन्हात होता, पण मान वर करून बघावं असं एकालाही वाटलं नव्हतं. डोळ्यांपेक्षा पडद्यावर जास्त दिसतं, हे प्रत्येकाने इतक्या वर्षांत पक्कं धरलं होतं. त्यांनीही धरलं होतं.

"कुठे भरलंय ते शोधता येईल?" त्यांनी विचारलं.

"यंत्राला नाही येणार. त्याच्या लेखी सगळंच भरलेलं आहे. पण जिथे खऱ्या कणांचा आधार तो मानतो, तिथे त्या जागेच्या खोडी चित्रात उतरतात. डाग, ओघळ, वाकडं वाढलेलं गवत. जिथे आधार नाकारतो, तिथे शिकवणीतला खडक आणून बसवतो."

"म्हणजे जिथे नाव ठेवायला जागा नाही, तिथे बघायचं."

"हो."

बाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आयुष्यभर त्यांनी चित्रांतल्या उणिवा वेचल्या होत्या. आता उणिवांवरून डोळा नुसता सरकवत न्यायचा होता. सांबरकडा खोडींनी भरलेला होता. ठिकठिकाणी गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, सोडून दिलेल्या मोहोळांचे काळे डाग. कड्याच्या मध्यापाशी एक कपार होती. वरून एक ओघळ तिच्यापर्यंत यायचा, मध्ये तुटायचा आणि पुन्हा खाली सुरू व्हायचा. मधल्या तेवढ्या जागेत खडक नितळ होता, आणि त्याच्यावर ऊन डावीकडून पडलं होतं. बाकी सगळ्या कड्यावर ते उजवीकडून होतं.

"इथे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या सभासदाचा फोटो लावला. तीच जागा. तिसऱ्याचा, चौथ्याचा, तिथेही तीच. मग तस्नीमने सोमवारचं ड्रोनचं चित्र लावलं. ड्रोन कपारीच्या इतका जवळ गेला होता, की तो नितळ तुकडा पडद्याच्या मधोमध आला. तो उभट होता आणि वरच्या बाजूला त्याला दोन फाटे होते.

"हात," तस्नीम हळूच म्हणाली.

मंगळवारच्या चित्रात तुकडा कपारीच्या तळाशी होता. बुटका, गोल. फाटे नव्हते.

"बसलेत. थकले असतील," तस्नीम म्हणाली. "पण बाई, काल होते."

बाईंनी तोवर शेलारला फोन लावला होता.

"सुहास, पाण्यातनं सगळ्यांना बाहेर काढ. कड्याच्या मधल्या कपारीत आहेत ते."

"बाई, त्या कपारीवरनं ड्रोन दोनदा फिरलाय. काय बी नाही तिथं. तुमची अवस्था कळती मला, पर..."

"ड्रोन राहू दे. काचेची दुर्बीण आहे ना तुझ्याकडे? नाहीतर नुसत्या डोळ्यांनी बघ. माझं एवढं एकच ऐक."

तस्नीमने गाडी घाटातून जेवढी पळवता येईल तेवढी पळवली. वाटेत बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होत्या: काल होते, म्हणजे आज असतील. तस्नीम दर वेळी हो म्हणत होती. आशा फार वाईट असते, ती शेवटच्या वळणापर्यंत माणसाला सोडत नाही.

पठारावर शेलार उभा होता. दुर्बीण त्याच्या छातीवर लोंबत होती आणि दोर गुंडाळून झाले होते. त्याने बाईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

"निळा शर्ट," तो म्हणाला. "अगदी समोर होतं सगळं. दुर्बीण लावायचीबी गरज नव्हती, बाई. इथनं दिसत होतं."

मिलिंदरावांना पठारावर आणून सावलीत ठेवलं होतं. वरून घसरून ते कपारीत पडले होते, पोटात मार होता, आणि पाणी नव्हतं. पथकासोबतच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहाटे कधीतरी गेले. काल काढलं असतं तर, असं ते बोलून गेले. उज्ज्वलाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्याने रडल्या. त्यांनी मिलिंदरावांना हाका मारल्या, त्या रागावल्या, त्यांनी माफी मागितली. कुणी त्यांना थांबवायला गेलं नाही.

बऱ्याच वेळाने शेलार कॅमेरा घेऊन आला.

"गळ्यात होता. पोलीस यायच्या आधी तुम्ही बघून घ्या. काही निरोप असंल म्हणून मी बघितला, तर नुसते डोंगर. कपारीत तीन दिवस अडकलेला माणूस डोंगराचे फोटो कशाला काढंल, सांगा."

तस्नीमने कॅमेरा चालू केला आणि बाईंच्या हातात दिला.

पहिला फोटो सोमवारी दुपारचा होता, ड्रोन येऊन गेल्यानंतरचा. मागे दरी आणि पठार, पुढे खडक. हात लांब करून स्वतःचा काढलेला असावा, कारण चौकटीच्या मधोमध एक नितळ तुकडा होता, खांद्यांवर रुंद, वर निमुळता. दुसऱ्यात तो तुकडा जवळ आला होता. तिसऱ्यात बाजूला. मिलिंदराव प्रत्येक फोटो काढून पडद्यावर बघत होते आणि मग पुढचा काढत होते, हे उघड होतं. एका फोटोत कपारीच्या जमिनीवर दगड विखुरलेले होते, अगदी सहज, हवे तसे.

"हे दगड तर..." शेलार वाकून बघू लागला. "हे असे नाहीत, बाई. कपारीत त्यांनी दगडांची अक्षरं मांडलीत. 'इथे' म्हणून. हाताएवढी अक्षरं. मी स्वतः बघितलीत."

तस्नीमने तोंड फिरवलं.

उज्ज्वलाबाईंना मंगळवारचं ड्रोनचं चित्र समजलं. तो बुटका, गोल तुकडा. डोक्यावर ड्रोन घरघरत असताना मिलिंदराव उठले नव्हते, हात केले नव्हते. ते थकलेले नव्हते, निदान तेवढेच नव्हते. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा स्वतःचे फोटो काढून बघितलं होतं आणि त्यांना कळून चुकलं होतं. ड्रोनमध्ये कोणती नजर आहे ते त्यांना ठाऊक होतं. ती कुणी शिकवली तेही.

"थकले नव्हते," बाई म्हणाल्या. "त्यांना कळलं होतं."

शेवटचा फोटो आज पहाटेचा होता. उजाडायच्या आधीचा, पण चित्रात लख्ख ऊन होतं. त्यात नितळ तुकडा नव्हता, कारण सगळा फोटोच नितळ होता. हिरवा उतार, त्याच्या पायथ्याशी धुकं, वरच्या तिसऱ्या भागात प्रकाशाची तिरपी रेघ. असा उतार सांबरकड्यावर कुठेच नाही. मिलिंदरावांनी कॅमेरा अगदी चेहऱ्याशी आणून धरला होता. या चित्रातला शंभरातला एक कण त्यांच्या कपाळाचा होता, डोळ्यांचा होता, ओठांचा होता, आणि उरलेलं सगळं मंडळाच्या नजरेने भरलेलं होतं.

बाईंनी फोटो मोठा केला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्या बोट सरकवत गेल्या आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्याशी आल्या. कुठेतरी एखादी चूक राहिली असेल, तिथे ते असतील, म्हणून त्या शोधत राहिल्या. पोलीस येऊन कॅमेरा मागू लागले तरी त्यांनी तो सोडला नाही. तोवर त्यांना एकही चूक सापडली नव्हती.