कागदावरची पोर

चंद्रोत्सवाची जत्रा म्हणजे लंग मास्तरांची चंगळ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर वर्षी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रँट अव्हेन्यूवर, विटांच्या जुन्या चर्चजवळ टेबल मांडत आणि येईल त्याचं नाव लाल कागदावर चिनी अक्षरांत लिहून देत.

"त्या गोऱ्या बाईला तुम्ही 'गोड मुळा' करून टाकलंत," त्यांची बायको सू-फान म्हणाली.

"तिला आवडलं ना? मग तुझं काय जातंय?"

यंदा मास्तर जास्तच खुशीत होते. त्यांच्या मुलाची, रेमंडची, एकुलती एक लेक आज महिन्याची होत होती. चार वाजता गाववाल्यांच्या मंडळाच्या हॉलमध्ये लाल अंडी वाटायची आणि तिचं नाव भिंतीवर लावायचं. नाव ठरलं होतं, मोय सिन-यू; मोय हे आडनाव. आजवर घराणं कागदोपत्री चिन. मास्तरांचे वडील रक्ताने मोय, पण गावातला चिन वाय-हन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा तापाने गेला आणि त्याच्या कागदांवर यांना अमेरिकेच्या बोटीत चढवलं गेलं; तेव्हा चिन्यांना बंदी होती, इथल्या नागरिकांच्या मुलांनाच आत सोडत. त्या मुलाच्या मरणाची नोंद कुणी केलीच नाही. या गल्लीत असे कागदावरचे मुलगे घरोघरी. कुणी मेलेल्याच्या नावावर आलेला, कुणी कधी जन्मलाच नाही अशाच्या. "दुसऱ्याचं नाव आहे, परत कर," असं वडील मरताना म्हणाले होते. नातीपासून ते परत होणार होतं.

दोनच्या सुमारास सू-फान मूनकेक आणायला गेली. रांगेतून एक म्हातारा पुढे आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड सुती अंगरखा, आणि त्या उन्हातही कपाळावर घामाचा थेंब नाही. त्याच्या मागची माणसं हातभर अंतर सोडून उभी होती.

"नाव?" मास्तरांनी विचारलं.

"चिन वाय-हन."

बोली थेट वडिलांच्या गावची होती. मास्तरांचा कुंचला थांबला. "माझ्या वडिलांचं नाव हेच."

"नव्हतं," म्हातारा शांतपणे म्हणाला. मग त्याने विचारलं, "घराच्या दाराला पायऱ्या किती?"

"तीन." उत्तर आपसूक बाहेर पडलं. बंदरावरचे अधिकारी विचारतील ते सगळे प्रश्न वडिलांनी पाठ केले होते, आणि पुढे कधी चौकशी झालीच तर म्हणून पोरांकडूनही रोज रात्री जेवणानंतर घोकून घेतले होते.

"तांदळाचा रांजण?"

"आत शिरल्यावर डावीकडे."

"खिडकीखाली कोण झोपायचं?"

"मी," मास्तर म्हणाले. उत्तर तसंच पाठ होतं.

"नाही. मी."

कोपऱ्यावर सिंहनाच चालला होता. ढोलावर टिपऱ्या पडताना दिसत होत्या, आवाज मात्र येत नव्हता.

"माझं नाव टाकून देताय म्हणे."

"टाकत नाही. परत देतोय."

"परत घेऊन मी काय करू, मास्तर? नाव चालवायला घरात कुणीतरी लागतं. पोर माझ्या नावावर राहू दे."

"पोर नाही मिळायची."

"मग मी तिला न्यायला येतो."

मास्तरांना भीती वाटली. सिन-यू त्यांचं बोट धरून झोपायची. सगळं घर गेलं असतं तरी चाललं असतं, ती नको. आणि तेवढ्यात, जे तीन पिढ्या करत आल्या तेच त्यांना सुचलं. त्यांनी नवा लाल कागद ओढला आणि झरझर लिहिलं: चिन हॉय-लम. मुलगी. जन्म सिन-यूच्याच दिवशी, त्याच घरी.

"ही घ्या तुमची."

"अशी पोर आहे?"

"कागदावर आहे ना? मग आहे."

म्हातारा पहिल्यांदाच हसला. त्याचे दात लहान मुलाचे होते, बाजूचा एक नुकताच पडलेला. त्याने कागदाची घडी अंगरख्यात ठेवली आणि तो गर्दीत शिरला. ढोलाचा आवाज एकदम कानावर आदळला.

"एकटेच काय हसताय?" सू-फान परतली होती.

"बापाचं एक काम उरकलं," मास्तर म्हणाले. मनातून ते स्वतःवर खूश होते.

चार वाजता ते हॉलमध्ये पोचले. सून कोरीन बाबागाडीजवळ उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाबा. दोघी आत्ताच झोपल्यात."

मास्तरांना वाटलं, चुकीचं ऐकू आलं.

"दोन्ही नावं आणलीत ना?" मागून रेमंड म्हणाला.

सू-फान वाकून टोपीची नाडी बांधत होती. एक बांधली. मग दुसऱ्या टोपीची.

मास्तर पुढे झाले. एका पांघरुणाखाली दोन चेहरे होते. तेच नाक, तीच हनुवटी.

"सिन-यू कुठली?"

"काय हो बाबा," कोरीन हसली. "डोळे मिटून ओळखीन, असं तुम्हीच म्हणता ना?"

त्यांनी दोन्ही हात आत घातले. दोन मुठींनी दोन बोटं धरली.

एक मूठ उबदार होती. दुसरीही.