दिसायला बरा चोर

कुरिअर घ्यायला ती दाराबाहेर आली, वाऱ्यानं दार धाडकन लागलं आणि आमची केकवाली स्वतःच्याच घराबाहेर अडकली. आत ओव्हन सुरू, त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. समोरच्या काकूंकडून नंबर घेऊन तिनं किल्लीवाल्याला फोन लावला. तो बोलता बोलता हजर झाला… आणि त्याला बघून तिची पाचावर धारण बसली.

हा चेहरा तिच्या फोनमध्ये होता. कुणाच्या तरी दाराशी वाकलेला, हातात तार, आणि खाली लिहिलेलं, ‘दिवसाढवळ्या घरफोडी! याला ओळखून ठेवा.’ कालच तिनं तो फोटो इमारतीच्या ग्रुपवर पाठवला होता. वर पदरचं तिखटमीठही लावलं होतं – ‘दिसायला बरा आहे म्हणून फसू नका.’

“हो, फोटोतला मीच,” तिचा चेहरा बघून तो शांतपणे म्हणाला. “एका आजोबांची किल्ली हरवली होती, त्यांचं दार उघडत होतो. ते शेजारीच उभे होते. कुणीतरी त्यांना फोटोतून कापलं आणि माझा चोर झाला. तेव्हापासून कामाचा एक फोन नाही. तुमचाच पहिला.”

“मी कशावरून विश्वास ठेवू?”

“नका ठेवू. पण केक करपतोय.”

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मनात म्हणत ती बाजूला झाली. तो गुडघ्यावर बसला, डोळे मिटून कुलपाला कान लावला. त्याची बोटं इतकी हळुवार फिरत होती की ती केक विसरून बघतच राहिली. दार उघडलं. तो मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला.

“तुम्ही जा आत. मी इथेच बरा.”

ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडेनं काळा पडलेला केक घेऊन ती बाहेर आली.

“तो मेसेज… ग्रुपवर मीच टाकला होता.”

“फिरत फिरत माझ्याकडेही आला,” तो म्हणाला. “‘दिसायला बरा’ हेही तुमचंच?”

“ते…” तिचे कान तापले. “तेवढं खरं होतं.”

तो हसला. काय हसला हो! तिनं तिथल्या तिथे त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला – ‘काल मी खोटी बातमी पाठवली, माफ करा. हा चोर नाही, किल्लीवाला आहे.’

पण खालच्या मजल्यावरच्या मावशी मजकूर वाचतात थोड्याच? हातात केक, शेजारी देखणा तरुण, आणखी काय हवं? ‘अगं, ठरलं आणि आम्हाला पत्ता नाही! अभिनंदन!’ पाठोपाठ अख्ख्या इमारतीची अभिनंदनं सुरू झाली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी घराबाहेर अडकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तिलाच भरून आलं.

पिशवी उचलत त्यानं तिच्या फोनमध्ये डोकावलं. “हेही खोटंच की. खुलासा टाका.”

“टाकते ना… पण काल घाई केली आणि तोंडघशी पडले. या वेळी आधी खात्री करून घेईन म्हणते.” तिनं मान वर केली. “संध्याकाळी चहाला येशील?”

तो दोन पायऱ्या उतरला, थबकला.

“आणि बातमी खरी निघाली तर?”

“तर मग पाठवू सगळ्यांना,” ती म्हणाली.