पिठोरीच्या रात्री फुटलेला टायर

निहारची गाडी पार्किंगमध्ये जॅकवर उभी होती. पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि टायरच्या कडेला वीतभर चीर गेली होती. गंधाली मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती आणि हसत होती. टायरवाल्याने नुकतंच फोनवर सांगितलं होतं की ही ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी आहे, चारही चाकं एकत्र ओढतात, एक नवं आणि तीन झिजलेली असं चालणार नाही, चारही टायर बदलावे लागतील.

"एक दात किडला म्हणून कवळी बसवायला सांगतोय रे तो," गंधाली म्हणाली.

भाऊ जेवून शतपावलीला खाली उतरले होते. ते वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि कुठे झालं ते विचारलं. निहार म्हणाला, भांडुपला, मिठागरांकडच्या रस्त्यावर.

"तिथेच उतरून चाक बदललंस?"

"नाही भाऊ, टो करून आणली."

"बरं केलंस."

बरं का केलं, ते सांगा म्हणून मुलांनी मग त्यांना सोडलं नाही. भाऊंनी समोरच्या बिल्डिंगकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगू लागले.

समोरचा जयवंत तुम्हाला आठवत असेल. हल्ली तो इथे राहत नाही. त्याची ही गोष्ट. त्याने स्वतः मला सांगितली आणि शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून सांगतो.

गेल्या ऑगस्टची बावीस तारीख, शुक्रवार. पिठोरी अमावास्या होती. जयवंतची आई, मालनताई, दर वर्षी पिठोरी करायच्या. तुमच्या घरी करत नसतील तर सांगतो. आई दिवसभर उपास करते. संध्याकाळी पूजा झाली की पाठ करून बसते, खीरपुरीचं ताट डोक्यावर धरते आणि विचारते, अतीत कोण? म्हणजे पाहुणा कोण आलाय. मुलाने मागून यायचं, 'मी' म्हणायचं आणि ताट घ्यायचं. तेच वाण. त्यानंतर आई जेवते. तिने मागे वळून बघायचं नसतं.

मालनताईंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी उपास नको म्हणून बजावलं होतं, पण त्या ऐकेनात. जयवंतने शब्द दिला होता की आठच्या आत घरी येतो, तू फार वेळ उपाशी राहू नकोस. माणूस कसाही असो, आईवर जीव होता त्याचा.

कसाही म्हणजे काय, ते पण सांगतो. तुझा टायर फुटला ना, त्याच रस्त्याचे खड्डे बुजवायचं कंत्राट त्याआधीच्या वर्षी जयवंतकडे होतं. डांबराचं मिश्रण भरायच्या जागी त्याने पाडलेल्या घरांचं राबिट भरलं आणि वरून डांबराचा नुसता हात फिरवला. जुलैत सगळं वाहून गेलं. पार्सल पोचवणारा एक मुलगा, प्रीतम नाव त्याचं, अंगात काळा रेनकोट, स्कूटरसकट त्या खड्ड्यात गेला. मागून टेम्पो येत होता.

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत तो आणि त्याची आई, दोघंच राहत. आईचं नाव रुक्मिणी. ती जयवंतच्या ऑफिसात आली. तो तिला म्हणाला की पोरं स्कूटर चालवतात की विमान, त्याला आम्ही काय करणार. ती रडली नाही की भांडली नाही. तिने एवढंच विचारलं,

"साहेब, तुमची आई पिठोरी करते?"

तो म्हणाला, करते.

"बरं," म्हणाली आणि गेली. त्या दिवाळीच्या आत तीही वारली.

तर त्या शुक्रवारी जयवंत विक्रोळीहून निघाला. हायवे तुंबलेला, म्हणून त्याने गाडी आत, त्याच मिठागरांकडच्या रस्त्याला घातली. त्याचीही गाडी अशीच, चारही चाकं ओढणारी. कुठल्याही रस्त्यावर अडणार नाही अशी त्याला घमेंड होती. साडेआठच्या सुमाराला दणका बसला. पुढचं डावं चाक. कडेला चीर, अगदी अशीच.

तो खाली उतरला. पाऊस थांबला होता. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला कंपनीची लांब भिंत. दिवे बंद. शिव्या घालत त्याने गाडी उचलली, चाक काढलं आणि स्टेपनी चढवली. हात पुसत उठला, तेव्हा गाडीच्या पुढे कुणीतरी बसलेलं दिसलं.

एक बाई. त्याच्याकडे पाठ करून, खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसलेली. डोक्यावर ताट.

त्याला वाटलं, असेल जवळच्या झोपडीतली कुणी. मुलाची वाट बघत इथपर्यंत आली असेल.

ती म्हणाली, "अतीत कोण?"

त्याने जॅक डिकीत टाकला. ती बाजूला झाल्याशिवाय गाडी निघणार नव्हती.

"अतीत कोण?"

ताट हलत होतं. जयवंतला घरची आई आठवली... तीही आत्ता अशीच बसली असेल. वाण नाकारू नये, हे लहानपणापासूनचं. शिवाय घाई होती. तो मागून गेला.

"मी," म्हणाला. आणि ताट उचललं.

ताट बर्फासारखं गार होतं.

बाई वळली नाही. तशीच बसून म्हणाली, "तू इथे आलास. मग तुझ्या आईकडे कोण गेलं?"

निहारने हातातला पाना हळूच खाली ठेवला.

पुढे बाई नव्हती. हातात ताट नव्हतं. जयवंत गाडीत बसला आणि पळाला. पण पळणार कसा? स्टेपनी बारीक, बाकीच्या तीन चाकांशी तिचं जुळेना. वेग वाढवला की चाकं एकमेकांना ओढायची, गाडी हिसके द्यायची. जळका वास यायला लागला. पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने तो इकडे मुलुंडला, घराकडे येत होता. वाटेत त्याने घरी फोन लावला. शर्मिष्ठाने, त्याच्या बायकोने, उचलला.

"आई?" तो म्हणाला. "आई बरी आहे ना?"

शर्मिष्ठा हसली. "अरे, घरात बसून फोन काय करतोस? आत्ताच वाण घेतलंस ना. मी स्वयंपाकघरात आहे, पुऱ्या घेऊन येते."

त्याने ब्रेक दाबला.

"जयवंत?"

...

"जयवंत... मग बाहेर कोण जेवतंय?"

तिनेच नंतर मला फोन केला. भाऊ, लगेच या. मी धावत वर गेलो. शर्मिष्ठा स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंडावर हात. हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर कुणी नाही. मालनताई शेजारी बसून पुरी वाढत होत्या. सावकाश जेव रे, म्हणत होत्या. किती दिवसांचा उपाशी आहेस, म्हणत होत्या.

मी वाटीकडे बघितलं. खीर...

खीर कमी होत होती.

तेवढ्यात जयवंत आला. घामाने भिजलेला. दारातूनच हाक मारली, "आई."

मालनताईंनी मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"कोण हवंय तुम्हाला?"

"आई, मी."

"माझा मुलगा जेवतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नंतर या."

गंधालीने विचारलं, मग पुढे? भाऊंनी खांदे उडवले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, विसर पडतो. पण मालनताईंना सगळे ओळखू येतात. शर्मिष्ठा, मी, दूधवाला, लिफ्टवाला. फक्त जयवंत नाही. तो समोर आला की पदर सावरून उभ्या राहतात, काय काम आहे विचारतात. त्याने तो खड्डा स्वतः उभं राहून काँक्रीटने भरला. ती गाडी विकली. रोज संध्याकाळी येऊन दारात बसायचा. शेवटी त्या घाबरायला लागल्या, रात्री झोपेनात, तेव्हा शर्मिष्ठानेच त्याला हात जोडून सांगितलं, तू येऊ नकोस. आता ठाण्याला एकटा राहतो. आई जिवंत असून पोरका.

"आणि त्या अजून त्या रिकाम्या पाटासमोर ताट वाढतात?" निहारने विचारलं.

भाऊंनी समोर बोट दाखवलं. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला होता. मालनताई गॅलरीत आल्या. दोरीवर एक काळा रेनकोट होता, तरण्या मुलाच्या मापाचा, एका कोपराला फाटलेला. त्यांनी तो उतरवला, झटकला, उलटा करून पुन्हा वाळत घातला आणि दिवा मालवून आत गेल्या.

जानेवारी चालू होता. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. खाली पत्र्यावर, त्या रेनकोटच्या बाहीतून, पाणी ठिबकत होतं.