दोन मुठींचं हत्यार

जुन्या गाड्यांचा मिस्त्री म्हणून त्याचं मोठं नाव होतं आणि ते टिकवायला आता तो एकटाच उरला होता. बायको होती तोवर निम्मं काम तिचं असायचं. तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा, ती वर ड्रायव्हरच्या जागी बसायची. तो 'धर' म्हणाला की ती ब्रेक दाबून धरायची. वर्कशॉपचा नियमच होता, ज्याने 'धर' म्हटलं त्यानेच 'सोड' म्हणायचं, तोवर दुसऱ्याने हात-पाय हलवायचा नाही. ती मात्र कंटाळली की खुशाल सोडून द्यायची आणि हा खड्ड्यातून बडबडत राहायचा. आता बडबड ऐकायलाही कोणी नव्हतं.

लेकीने बजावून ठेवलं होतं. "एकट्याने होतं का हे? रविवारी येतेय मी. तोवर ही गाडी झाली तर राहा इथंच. नाही झाली तर मुकाट्याने माझ्याकडे चला." लेकीचं घर चांगलं होतं, जावईही भला होता. पण तिथे दिवसभर करायचं काय, या विचारानेच त्याला कसंतरी व्हायचं.

दुरुस्तीला आलेल्या त्या जुन्या गाडीने मात्र त्याच्या नाकी नऊ आणले होते. स्टिअरिंग फिरवावं आणि चाकांना त्याचा पत्ताच नसावा. स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सच्या नटाला त्याचा एकही पाना बसेना. शेवटी मागच्या सीटखाली ते हत्यार सापडलं. हातभर लांबीची लोखंडी दांडी, मधोमध तीन नख्या आणि दोन्ही टोकांना लाकडी मुठी. उभ्या जन्मात त्याने असलं काही पाहिलं नव्हतं.

स्पेअर पार्टवाल्याने ते उलटंसुलटं करून परत दिलं. ट्रॅक्टरचं असेल, म्हणाला. मग मिस्त्री टर्नरकडे गेला. टर्नर त्याच्या बरोबरीचा, लेथवर उभं राहून म्हातारा झालेला. त्याने चष्मा लावून बराच वेळ निरखलं.

"दोन माणसांचं आहे. एक वर, एक खाली."

"ते कळलं मला. पण असं काय बघताय?"

"खालच्या मुठीला बोटांचे खळगे पडलेत, इतकी वापरलीय. वरची कोरी आहे. हातच लागला नाही तिला कोणाचा." टर्नरने हत्यार फडक्यात गुंडाळून दिलं आणि मग साबणाने हात धुतले. चहा घेणार का, हे विचारायचं तो विसरला.

रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये लख्ख ऊन आलं होतं. मिस्त्री खड्ड्यात उतरला. नख्या नटावर चपखल बसल्या. वरची मूठ तळाच्या भोकातून थेट ड्रायव्हरच्या पायांशी निघाली. ती कोणीतरी धरल्याशिवाय खालची फिरवून उपयोग नव्हता, सगळी दांडीच गरागरा फिरायची, नख्यांना जोर मिळायचा नाही. त्याने हात टेकले. मग, सवय म्हणा नाहीतर आठवण, तोंडातून शब्द गेला.

"धर."

दांडी घट्ट झाली.

तो तसाच थांबला. वर सीटची स्प्रिंग कुरकुरली, कोणी नीट बसावं तशी. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याचे डोळे भरून आले. त्याने मूठ फिरवली, नट हलला, किती दिवसांनी काम जमून आलं.

"सोड," तो हळूच म्हणाला. त्याच क्षणी दांडी सैल झाली.

पुन्हा धर, पुन्हा सोड. दर वेळी अगदी शब्दाबरोबर. एकदाही आधी नाही. आणि मग तो मूठ फिरवता फिरवता थांबला, कारण त्याच्या बायकोने जन्मात कधी असं धरलं नव्हतं.

"कोण आहे?"

बाहेर लेकीची गाडी थांबल्याचा आवाज आला. तो घाईने मूठ सोडणार, एवढ्यात वरून कोणी बोललं.

"धर."

आवाज त्याचा स्वतःचा होता.

त्याने धरलं. इतक्या वर्षांचा हात, तो डोक्याला विचारत नाही.

"बाबा?" लेक दारातून म्हणाली.

'आलो गं,' म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"आलो गं," वरून आवाज आला. गाडीचं दार उघडलं. कोणी खाली उतरलं.

"झाली का गाडी?"

"झाली. पण चल, येतो मी तुझ्याकडे."

लेकीला रडू आलं. तो येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

खड्ड्यातून त्याला दोघांचे पाय दिसत होते. दाराकडे निघालेले. हात सोडवायला त्याने जोर लावून पाहिला, पण बोटं खळग्यांत नेमकी बसली होती.

कोणी 'सोड' म्हणालं नाही.

"बाबा," बाहेरून लेकीचा आवाज आला, "किती गार पडलेत तुमचे हात."