पालथी टोपली

तहसीलदारांना द्यायचा अर्ज मीच लिहिला. आमच्या घरात अक्षर माझंच बरं, आणि शाळेत कारकुनी करून करून 'सविनय सादर' हाताला चिकटलेलं. विषय : बंद पडलेल्या खदानीतून भावाचे अवशेष काढून मिळणेबाबत. सत्यभामावहिनी शेजारी उकिडवी बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. नऊ वर्षं तिनं ते पुसलं नव्हतं, कारण कागदावर तिचा नवरा मेलेलाच नव्हता.

"कावून थांबलात, भावजी? लिवा की," ती म्हणाली.

थांबलो, कारण नऊ वर्षांपूर्वीचा जबाबही याच अक्षरात होता. 'माझा थोरला भाऊ म्हाळू हा कोणास काही न सांगता ऊसतोडीला निघून गेला आहे.' खाली सही माझी.

"मेंढरं माळावर टाकून धनगर ऊस तोडाया जातो का?" वहिनी तेव्हापासून एवढंच विचारत होती. खोटं बोलायलाही अक्कल लागते, ती माझ्याकडं नव्हती. पण जबाबावर शिक्का बसला होता आणि शिक्क्याला कोण प्रश्न विचारणार?

दादा कुठंही गेला नव्हता. शिरूर कासारजवळच्या माळावर मोहनरावांची दगडाची खदान होती. कपारीत शिरलेली मेंढी काढायला तो खाली उतरला आणि सुरुंगांनी सैल झालेली दरड त्याच्यामागं कोसळली. मी कडेला पोचलो तेव्हा दगडांच्या आडून स्पष्ट हाक आली, "अभ्या."

मोहनराव माझ्या शेजारीच उभे होते. खदानीला परवाना नव्हता, आणि त्यांच्या शाळेत कारकुनाची जागा रिकामी होती.

"वारं हाय ते," ते म्हणाले.

मी मान डोलावली. पुढं तीन दिवस रोज कडेला जाऊन ऐकत उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्यांनी पाणी उपसायचे पंप काढून नेले, खदान भरली, आणि सोमवारी मी शाळेत रुजू झालो. लोक म्हणतात, लाजेनं माणूस मरतो. मरत नाही. डबा खातो, पगारपत्रकं करतो, पोळ्याला नवा सदरा घेतो.

यंदा पावसानं दगा दिला, खदान तळापर्यंत आटली आणि मेंढरं त्याच माळावर होती म्हणून वहिनीनं तिथंच शोधायचा हट्ट धरला. मोहनराव दोन वर्षांपूर्वी वारले होते. अडवणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून परवानगी लवकर मिळाली आणि जेसीबी आला.

भर दुपारी, निम्मे दगड हलवून झाल्यावर, जेसीबीवाल्या हनुमाननं मशीन बंद केलं. घाम पुसत तो खाली उतरला.

"हितं अभ्या कोण हाय?"

शाळेत, गावात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. अभ्या म्हणणारा एकच होता.

"कोणी न्हाई," मी म्हणालो.

"मग बोलवायलंय कोण? लई जवळून आवाज आला."

पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं कडेवर नजर फिरवली. आमच्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. वहिनी मात्र माझ्याकडं पाहत होती. या दुसऱ्या नकाराची मला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते, कारण या वेळी शेजारी मोहनराव नव्हते. हनुमाननं मशीन पुन्हा सुरू केलं.

उन्हं कलताना हाडं सापडली. कपारीत, दगडाला पाठ टेकून बसलेली. सरकारी डॉक्टरांनी पाहून सांगितलं, एकही हाड मोडलेलं नाही. त्याचा अर्थ वहिनीला समजावून सांगावा लागला नाही.

तपासणीला गेलेले अवशेष दीड महिन्यानं परत मिळाले. अग्नी मी दिला.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीनं दिवा लावला, त्याच्यापुढं ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. आमच्यात सगळेच करतात. सकाळी पिठात पाऊल उमटतं, पाखराचं, शेळीचं, लेकराचं. ज्याचं पाऊल, तो गेलेल्याचा पुढचा जन्म. मी असल्या गोष्टी मानत नाही. मुंग्या, झुरळं, उंदीर, काहीतरी फिरतंच.

उजाडल्यावर वहिनीनं टोपली उचलली.

पाऊल नव्हतं. माणसाचा पंजा होता, पाची बोटं पसरलेला.

मी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. हात दाबला की पीठ खाली जातं. हे वर आलं होतं, खालून कोणी हात टेकवल्यासारखं. भोवतीची सारवलेली जमीन सपाट होती, कुठं भेग नव्हती.

"उंदीर असेल," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं दुसरंच.

"वहिनी, मी ऐकलं होतं. तीन दिवस."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मेंढरं एकटी घरी आली, त्या दिसापून तुमी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

आताही मी पिठाकडंच बघत होतो.

ती बाजूला सरकली. माझ्यासाठी जागा केली.

"त्येंला हात द्या," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो. तळवा खाली करून हात त्या उंचवट्यावर ठेवला. पीठ गार होतं, इतकंच. मनात पाच मोजले आणि हात उचलला. माझ्या हाताखाली पीठ सपाट झालं होतं, व्हायला हवं तसंच.

वहिनी माझ्या मनगटाकडं पाहत होती.

मनगटावर पिठाचे चार पांढरे पट्टे होते, आणि आतल्या बाजूला, नाडीवर, पाचवा.