मेणातला तुकडा

थोरलीचं काम ऐकून लोक नाक मुरडायचे. धाकटी तर तोंडावर म्हणायची, "ताई, तुझ्या हातचं जेवायचं म्हणजे काळीज घट्ट करावं लागतं." थोरली हसून सोडून द्यायची. तिला आपलं काम मनापासून आवडायचं.

एका मोठ्या इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात ती जुन्या ऊतींमधून डीएनए काढायची. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून टाकतात आणि तो मेणात बसवतात. काडेपेटीहून लहान असा ब्लॉक तयार होतो. तळघरातल्या खणांत असे हजारो ब्लॉक ओळीने पडून होते. त्यांतले बरेचसे ज्यांचे होते ती माणसं कधीच गेली होती.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे तोंड करून. उन्हाची तिरीप म्हणून आत यायची नाही. सकाळी आली की थोरली ओटा ब्लीचने पुसायची, दोन जोड हातमोजे चढवायची, नवं पातं काढायची. मेण विरघळवायचं झायलीन डोक्यात चढतं, म्हणून ते काम वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटातच. प्रत्येक खेपेला एक नळी मुद्दाम रिकामी चालवायची. त्या नळीत काही निघालं तर समजायचं की आपलाच शिंतोडा कुठेतरी उडाला, आणि सगळं फेकून द्यायचं. तिच्या शेजारी बसणारी सहकारी स्वतःच्या चष्म्यावर सुरक्षेचा चष्मा चढवायची, म्हणून तिला सगळे डबलकाच म्हणत. दोघींचं छान जमायचं. एकीचा हात, दुसरीची नजर.

धाकटीचं पोट दुखायला लागलं आणि सगळं बदललं. तसं काही सापडलं नाही, पण तिच्या डॉक्टरांनी घरची चौकशी केली. आई जठराच्या कॅन्सरने गेली होती, धाकटी पाळण्यात असताना. आईची आईही तशीच. डॉक्टर म्हणाले, "दोष रक्तातून उतरत असेल, तर आजार दिसेपर्यंत थांबता येणार नाही. आधीच जठर काढावं लागेल. पण दोष नेमका कुठे आहे ते आईच्या ऊतीत सापडल्याशिवाय मी तुमच्यात काय शोधू?"

आईचं ऑपरेशन याच इस्पितळात झालं होतं. म्हणजे ब्लॉक तळघरात असणार.

विभागप्रमुख आधी तयार होईनात. "घरच्या माणसाने घरच्या नमुन्याला हात लावू नये."

"मग लावणार कोण, सर?" थोरलीने विचारलं. "डबलकाच एकटी किती करेल? ती प्रत्येक पायरी तपासेल."

त्यांनी होकारार्थी मान डोलावली, पण अट घातली. दोन वेगवेगळ्या कापांतून तोच निकाल आला तरच सही.

ब्लॉक मिळाला. मेण पिवळट पडलेलं, मधोमध नखाएवढा करडा तुकडा. थोरलीला वाटलं होतं, भरून येईल. तसं काही झालं नाही. आईचा चेहराही तिला फोटोतलाच आठवायचा.

काप घ्यायचं यंत्र साधं असतं. समोर पातं पक्कं बसवलेलं. हाताने चाक फिरवलं की ब्लॉक खाली-वर होतो आणि दर फेरीला केसाहूनही बारीक पुढे सरकतो. मेणाची रिबन निघते, तिच्यात ऊतीचे काप. मेण कडक राहावं म्हणून ब्लॉक आधी बर्फावर ठेवतात. थोरलीने तो ठेवला, उचलला, आणि दुसऱ्याच फेरीला मेण पात्याला चिकटलं. पुन्हा बर्फावर ठेवला. पुन्हा तेच.

"जुनं मेण आहे, नखरे करणारच," डबलकाच म्हणाली.

कशीबशी रिबन निघाली. रात्रभर काप नळीतल्या पाचक रसात राहिले आणि दुसऱ्या दिवशी डीएनए हातात आला. तिथे पहिली पाल चुकचुकली. फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या डीएनएच्या चिंध्या होतात. एवढ्या जुन्या ब्लॉकमधून तुकडे तुकडे मिळाले तरी पुष्कळ. इथे मात्र लांबच्या लांब अखंड धागे होते. आत्ताच शीर टोचून घेतलेल्या रक्तातून निघावेत तसे.

"तुझंच काहीतरी पडलंय यात," विभागप्रमुख म्हणाले. थोरलीलाही तेच वाटलं. तिने स्वतःचा डीएनए शेजारी लावून पाहिला. तिचा नव्हता. निम्मा जुळत होता, आईचा लेकीशी जुळावा तसा. रिकामी नळी रिकामीच होती.

"तरी हा निकाल मी धरणार नाही," ते म्हणाले. "जुन्या ब्लॉकमधून असं निघत नसतं. पहिल्यापासून करा."

दुसऱ्या खेपेला डबलकाचने चाक धरलं. एक काप त्यांनी काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शेजारी ऑपरेशनच्या वेळची जुनी काच. जुन्या काचेत रोगट पेशी एका कडेला होत्या, चिमूटभर. नव्या कापात त्या निम्म्यापर्यंत आल्या होत्या.

"खोल गेलो ना आपण," डबलकाच म्हणाली. "खालच्या थरात जास्त असतील."

पटण्यासारखं होतं. डीएनए याही वेळी तसाच अखंड निघाला, आणि दोषही दिसला. एका अक्षराची चूक. आता आणखी एका कापात तीच चूक दिसली की झालं.

पण ताळा करायला म्हणून थोरलीने आदल्या खेपेच्या रिबनमधला एक उरलेला काप रंगवला. दोन्ही खेपांमध्ये जेमतेम आठवडा गेला होता. कापांची जागाही जवळजवळ एकच, मध्ये केसभर अंतर नाही. त्या कापात रोग कडेलाच होता, थोडासाच.

तिने दोन्ही काचा आलटून पालटून पाहिल्या. मग डबलकाचला खुर्ची दिली. डबलकाचने बघितलं, वरचा चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"जागा चुकली असेल," ती म्हणाली.

"नाही चुकली."

"मग मला विचारू नकोस."

त्यानंतर ब्लॉक उचलताना थोरली नकळत तळहात खाली धरू लागली. हातमोज्यांच्या दोन थरांतूनही तो कोमट लागायचा. तिने तापमापक लावला नाही. आकडा दिसला असता तर त्याचं काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

रविवारी ती मावशीकडे गेली. आई गेल्यावर या दोघींना मावशीनेच वाढवलं होतं. चहा पुढे ठेवून मावशी म्हणाली, "काय गं, चेहरा का असा उतरलाय?"

"मावशी, आईला शेवटी फार दुखायचं का?"

मावशीने बशी नीट केली. "आज कुठून काढलंस हे?"

"सहज."

"दुखणं सोसायची गं ती. पण सुई, कात्री, असलं काही हातात घेऊन कोणी जवळ आलं की अंग चोरायची. पार भिंतीला चिकटायची. डॉक्टर वैतागायचे. मग मी कानात सांगायचे, पोरींसाठी एवढं कर. की मग व्हायची सरळ. आपणहून हात पुढे करायची."

थोरलीने चहा तसाच ठेवला.

सोमवारी डबलकाचने रजा टाकली. पोराला ताप आहे म्हणाली. तिचा पोरगा दुपारी इस्पितळाच्या आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या घरांसमोर सायकल फिरवताना थोरलीला खिडकीतून दिसला. तिला राग नाही आला. जमलं असतं तर तीही घरी बसली असती. पण तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, अजून किती दिवस? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मुलांकडे बघितलं की…"

थोरलीने यंत्रावर ब्लॉक बसवला. दुपारची वेळ होती. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं, नळ टपकत होता. तिने नवं पातं घातलं आणि चाक फिरवलं.

रिबन निघाली, पांढरी आणि सलग. प्रत्येक कापाच्या मधोमध भोक होतं.

तिने चाक थांबवलं आणि वाकून पाहिलं. मेणाचा पृष्ठभाग सपाट होता. तुकडा मात्र खाली गेला होता. करडी ऊती मेणात आत, मागच्या भिंतीला जाऊन चिकटली होती. पुढे नुसता खळगा.

ती आणखी फिरवत राहिली. पातं पुढे आलं तसा खळगा खोल झाला.

पळून जावं, असं तिला वाटलं. दार उघडंच होतं.

तिने चाकावरचा हात काढला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी ती अगदी हळू बोलली.

"आई, धाकटीसाठी. एकदाच."

काहीच झालं नाही. नळाचा थेंब पडला. दुसरा पडला.

मग खळगा भरू लागला.

सावकाश. दूध वर यावं तसा. करडा तुकडा वर आला, मेणाच्या पातळीला येऊन थांबला, आणि तिथेच थरथरत राहिला.

थोरलीने डोळे मिटून चाक फिरवलं.

निकाल तोच आला. धागे अखंड का, हे कोडं तसंच ठेवून विभागप्रमुखांनी सही केली. दोघी बहिणींचं रक्त तपासलं तेव्हा थोरलीत दोष नव्हता, धाकटीत होता. तिचं जठर काढलं, आणि काढलेल्या जठरात रोगाची सुरुवात झालेली सापडली. "आणखी वर्षभर थांबला असता तर हातची गेली असती," सर्जन म्हणाले. धाकटी हळूहळू सावरली. थोडं थोडं खायला लागली, मुलांवर ओरडायला लागली. मावशीने दोघींना जवळ घेतलं. त्या दिवशी थोरली खूप रडली. कशासाठी, ते मात्र तिने कोणाला सांगितलं नाही.

एवढे दिवस ब्लॉक तिच्या खणात होता. त्याचं काय करावं, तिला सुचत नव्हतं. जाळून टाकावा, तर त्याला ते जाणवेल, या विचाराने तिच्या अंगावर काटा यायचा. ठेवावा, तर आतला रोग वाढत राहणार, आणि पुन्हा कधीतरी कोणीतरी पातं घेऊन येणार. शेवटी एका सकाळी तिने तो कापसात गुंडाळला आणि तळघरात घेऊन गेली.

आईची जागा मधल्या रांगेत होती. थोरलीने खण ओढला. ब्लॉक जागेवर ठेवला. कापूस तसाच राहू दिला.

खण लोटणार, तेवढ्यात तिची नजर शेजारच्या ब्लॉककडे गेली. तो कोणा परक्याचा होता. त्याच्या मेणात खळगा होता.

त्याच्या पलीकडच्यातही होता.

तिने वरचा खण ओढला. मग समोरच्या रांगेतला. मग कोपऱ्यातला, जो तिने नोकरीत रुजू झाल्यापासून कधी उघडला नव्हता. ओळीच्या ओळी, पिवळट मेण, आणि प्रत्येकात तुकडा आत सरकलेला. ती जिथे उभी होती त्याच्या विरुद्ध बाजूला, मेणाच्या भिंतीशी अंग चोरून बसलेला.

तिने आपले दोन्ही हात मागे नेले.